फोनो कोणत्या सालचा? कुत्र्याच्या आधी हात पाहा

कोणी जुना फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, पाहायला बोलावलं की मी पिशवीत पाच वस्तू टाकते. लोहचुंबक, छोटी बॅटरी, दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा आरसा, शिंप्याची टेप आणि वही. पिना मी नेत नाही. पहिल्या भेटीत फोनो वाजवायचा नसतो, पाहायचा असतो. घरातली मंडळी नेमकी उलट घाई करतात. "काकू, एकदा चावी देऊन पाहा ना, चालतो का ते तरी कळू द्या," असं म्हणत हॅण्डल हातात देतात. मी ते हॅण्डल बाजूला ठेवते. त्याचं कारण पुढे सांगते.

माझे सासरे, आमचे मामाजी, नागपूरला महाल भागात गांधी गेटजवळ शिलाई मशीन, घड्याळं आणि फोनो दुरुस्त करत. लग्न होऊन आले तेव्हा फोनोची कामं जवळजवळ संपली होती; ट्रान्झिस्टर आणि रेकॉर्ड प्लेयर घरोघरी आले होते. तरी फळीवर आठ-दहा फोनो नेहमी असायचे. कोणी दुरुस्तीला टाकून न्यायला विसरलेले, कोणी भंगारात काढलेले. दुपारी दुकानात डबा घेऊन गेले की मामाजी एकेक खोलून दाखवत. मी शिकले ते तिथे. आता इतवारी, धंतोली, सदर, कुठूनही बोलावणं येतं आणि प्रश्न एकच असतो: हा किती सालचा?

आधी शब्दांचा घोळ सोडवू, कारण शब्दही साल सांगतात. आपण नागपुरात चावीच्या सगळ्याच बाजांना फोनो म्हणतो. मूळ फोनोग्राफ एडिसनचा, १८७७ चा, आणि तो नळकांड्यावर वाजायचा. चपटी तबकडी आणली एमिल बर्लिनरने, १८८७ च्या पेटंटात, आणि तिच्या यंत्राला त्याने ग्रामोफोन हे नाव दिलं. लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ ची. अमेरिकेतली व्हिक्टर १९०१ ची; पेटीच्या आत भोंगा लपवलेलं तिचं यंत्र १९०६ मध्ये आलं, त्याचं नाव व्हिक्ट्रोला. कोलंबियाने तशाच यंत्राला ग्राफोनोला म्हटलं. ही नावं त्या त्या कंपन्यांची होती, म्हणून पट्टीवर 'व्हिक्ट्रोला' दिसलं की १९०६ च्या आधीचं साल मनातून काढून टाका. 'ग्रामोफोन' या शब्दाचं थोडं वेगळं आहे. एका कंपनीला तो शब्द स्वतःच्या मालकीचा करून द्यायला इंग्लंडच्या न्यायालयाने १९१० मध्ये नकार दिला. त्यानंतर तिथे कोणताही कारखानदार आपल्या यंत्राला ग्रामोफोन म्हणायला मोकळा झाला. म्हणून नुसता तो शब्द वाचून ग्रामोफोन कंपनीचंच यंत्र आहे असं धरू नये.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझ्या पिशवीत वही आली. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका वकिलांच्या घरून टेबलावर ठेवायचा लाकडी फोनो दुकानात आला. झाकणाच्या आतल्या बाजूला सोनेरी अक्षरांचा छाप होता, वर काळपट थर. मामाजी जेवायला घरी गेले होते. त्यांना झाकण लख्ख करून दाखवावं म्हणून मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि फिरवला. थर निघाला, त्याच्यासोबत पॉलिश निघालं आणि अक्षरंही निघाली. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या हातातल्या बोळ्यावर पिवळट सोनेरी डाग होता, आणि त्या यंत्राचा जन्मदाखला त्या डागात गेला होता. मामाजी परत आले, बोळा पाहिला, झाकण पाहिलं. रागावले नाहीत. गल्ल्यातला कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "काय काय लिहिलं होतं ते आठवेल तेवढं लिही, आता लगेच." मला तीनच शब्द आठवले. ते वकीलसाहेबांना जाऊन सांगावं लागलं, आणि ते मीच सांगितलं.

म्हणून पहिला नियम: पुसण्याआधी फोटो आणि नोंद. झाकणाची आतली बाजू, पेटीचं तळ, मोटरबोर्ड, म्हणजे ज्या फळीवर थाळी बसते ती, साउंडबॉक्सची, म्हणजे पिन धरणाऱ्या आणि आतल्या पडद्याने आवाज काढणाऱ्या गोल डबीची पाठ, चावीचं भोक, सगळ्यांचे फोटो घ्या. बॅटरी तिरपी धरा. समोरून उजेड टाकला की पुसट अक्षर दिसत नाही, बाजूने टाकला की उठून दिसतं. नंतर कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. स्पिरिट, थिनर, पितळेचं पॉलिश यांपैकी काहीही नको. तबकड्यांनाही स्पिरिट लावू नका, त्याही लाखेच्याच आहेत. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या जंगलात पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर जी लाख धरते, तीच लाख दगडाच्या पुडीत मिसळून त्या तबकड्या बनत.

चावी न देण्याचं कारण वंगणात आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि माळ्यावरच्या फोनोने असे पन्नास-साठ उन्हाळे काढलेले असतात. स्प्रिंगच्या डब्यातलं वंगण डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. अशा स्प्रिंगला जोराने पीळ दिला की ती धप्प आवाज करून उसळते, कधी तुटते, आणि हॅण्डल उलटं फिरून मनगटावर बसतं. आणि यंत्र खोलायचंच असेल तर स्प्रिंगमधला सगळा पीळ आधी उतरू द्या. पीळ भरलेला डबा उघडताना आतली पोलादी पट्टी बाहेर झेपावते; मामाजींच्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण शेवटपर्यंत होती.

आता मुख्य गोष्ट. लोक सर्वांत आधी कुत्रा शोधतात, म्हणजे भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचा एचएमव्हीचा ('हिज मास्टर्स व्हॉइस', ग्रामोफोन कंपनीचाच) छाप. मी आवाजाचा मार्ग तपासते. पिनेपासून निघालेला आवाज कुठून कुठे जातो ते बोटाने दाखवत चला: पिन, साउंडबॉक्स, हात (म्हणजे साउंडबॉक्सपासून भोंग्याकडे जाणारी नळी), भोंगा. या वाटेची घडण काळाप्रमाणे बदलत गेली, आणि छाप चिकटवता येतो तशी ती सहज बदलता येत नाही.

सर्वांत जुन्या तबकडी यंत्रांना स्वतंत्र हात नव्हताच. साउंडबॉक्स थेट भोंग्याच्या निमुळत्या टोकाला, चामड्याच्या किंवा धातूच्या कोपराने जोडलेला असे, आणि पुढे आलेल्या दांडीवर अख्खा भोंगा तोलून धरलेला असे. तबकडी फिरत आत जाई तसा भोंगाही तिच्यासोबत सरके. ओझं सगळं पिनेवर. कुत्र्याच्या चित्रातलं यंत्र हेच आहे. चित्र नीट पाहिलं तर भोंग्याच्या शेंड्यालाच साउंडबॉक्स आहे. चित्रकार फ्रान्सिस बरॉड यांनी आधी कुत्र्यासमोर नळकांड्याचा फोनोग्राफ रंगवला होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं तेव्हा त्यावर तबकडीचं यंत्र रंगवून घेतलं. या घडणीचं अस्सल यंत्र दिसलं तर ते साधारण १८९० च्या दशकाच्या शेवटापासून १९०४-०५ पर्यंतचं. मी आयुष्यात असं एकच हाताळलंय.

मग आला निमुळता हात. व्हिक्टरचा एल्ड्रिज जॉन्सन याने १९०३ च्या सुमारास तो आणला. साउंडबॉक्सकडे बारीक, भोंग्याकडे रुंद होत जाणारी पोकळ नळी. भोंगा पेटीच्या मागच्या कंसावर स्थिर, फिरतो फक्त हात. हाताच्या टोकाशी बगळ्याच्या मानेसारखं वळण असतं, त्यामुळे साउंडबॉक्स वर उलटवून पिन बदलता येते. निमुळता हात आणि बाहेर भोंगा, ही जोडी १९०४ पासून पुढची. १९०६-०७ पासून भोंगा पेटीच्या पोटात जायला लागला. समोर दोन दारं किंवा जाळी, ती उघडली की आवाज मोठा, मिटली की लहान. बाहेरच्या भोंग्याची यंत्रं त्यानंतरही बरीच वर्षं विकली गेली. म्हणून बाहेर भोंगा आहे म्हणजे जास्त जुना, असं गणित मांडू नका.

तिसरा टप्पा १९२५ नंतरचा. त्या वर्षी मायक्रोफोन लावून विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि तबकडीत खर्जाचे आवाज येऊ लागले. जुन्या वाटेला ते पेलेनात. मग हात जाड झाला, सांध्यात बेअरिंग आलं, पेटीतला भोंगा घडी घातल्यासारखा दुमडून खूप लांब केला गेला. एचएमव्हीची दुमडलेल्या भोंग्याची मोठी कपाटं १९२७ पासूनची. पेटीच्या पुढच्या जाळीतून दांडीचा आरसा आत सरकवा आणि बॅटरी मारा. सरळ पेटीसारखी पोकळी दिसली तर आधीचा काळ, वळून मागे जाणारी भिंत दिसली तर नंतरचा. नागपुरातल्या बैठकीच्या खोल्यांत शोकेस म्हणून उभी असलेली दोन कपाटं मला अशी सापडली. एकात बाहुल्या होत्या.

हातानंतर साउंडबॉक्स. तो तळहातावर मावतो, पण तारखेच्या बाबतीत सगळ्यांत बोलका भाग तोच. पुढून पडदा पाहा. पांढुरका, काचेसारखा, थोडा पारदर्शक पडदा म्हणजे अभ्रक. धातूचा, नक्षीदार सुरकुत्या घातलेला पडदा म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. ग्रामोफोन कंपनीच्या यंत्रांवर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत 'एक्झिबिशन' नावाचा अभ्रकाचा साउंडबॉक्स असे. नाव पाठीवर असतं, बहुतेकदा क्रमांकही. पुढे त्यांनी नुसते नंबर द्यायला सुरुवात केली. ४ नंबरचा अभ्रकाचा, १९२०च्या दशकाच्या मध्यातला. ५ नंबरचा अ‍ॅल्युमिनियमचा, १९२७ मध्ये त्या दुमडलेल्या भोंग्यांसोबत आला. मग ५ए आणि ५बी.

पण साउंडबॉक्स हा सर्वांत सहज बदलला जाणारा भागही आहे. मामाजींनीच कितीतरी बदलले असतील. रबराची गोल वादी वाळली, अभ्रक तडकलं, की गिऱ्हाईक नवा बसवून घेई. म्हणून साउंडबॉक्सचं साल हे साउंडबॉक्सचं साल. हाताच्या टोकाशी तो घट्ट आणि नैसर्गिक बसतो का, की मध्ये टेप, कापड, रबराचा तुकडा भरलाय, ते पाहा. टेप असेल तर तो मागून आलेला आहे. १९२०च्या दशकातल्या जस्ताच्या मिश्रधातूचे भाग फुगून तडकतात, विशेषतः साउंडबॉक्सची पाठ आणि हाताचा कंस. केसासारख्या बारीक चिरांचं जाळं दिसलं तर तो भाग खरोखर जुना आहे, आणि त्याला स्क्रूड्रायव्हर लावू नका, हातात तुकडे येतील.

साउंडबॉक्सचं तोंड कुठे आहे, हेही एकदा पाहून घ्या. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या यंत्रांत पडदा उभा असतो, कारण तबकडीची रेघ डावी-उजवी नागमोडी असते. पडदा तबकडीला समांतर, आडवा असेल तर ते यंत्र वर-खाली कोरलेल्या रेघेचं आहे. त्यात एक 'पाते' (Pathé) नावाची फ्रेंच कंपनी, तिची सुरुवातीची तबकडी मधून सुरू होऊन बाहेर वाजायची आणि पिनेऐवजी नीलमण्याचा गोळा असायचा. दुसरा एडिसन, ज्याची पाव इंच जाड तबकडी १९१२ ते १९२९ या काळात निघाली, हिऱ्याच्या टोकावर, मिनिटाला ८० फेऱ्यांनी वाजणारी. यांवर पोलादी पिन ठेवली की तबकडी कायमची गेली.

आता धंतोलीची गोष्ट. मागच्या दिवाळीआधी एका तरुण डॉक्टरांनी बोलावलं. टीपॉयवर पितळेचा झगमगीत भोंगा, कमळाच्या पाकळ्यांसारखा, खाली अष्टकोनी पेटी, पेटीवर पितळेचा उठावदार कुत्रा. "काकू, पक्का एचएमव्ही आहे जी. १९०५ चा. कुत्रा पाहून राहिले ना तुम्ही?" त्यांनी तो दुसऱ्या शहरातून चांगली मोठी रक्कम देऊन आणला होता, वडिलांना साठीची भेट म्हणून. मला खाली बसायलाच जड झालं.

मी हात पाहिला. मागचा कोपर, जिथे हात आणि भोंगा मिळतात, तो दोन तुकडे वेल्ड करून घासलेला होता. अस्सल यंत्रात तो एकसंध ओतलेला, हळूवार वळणाचा असतो. हात निमुळता नव्हता, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच जाड. भोंग्याचा पत्रा बोटाने दाबला तर दबत होता. जुन्या काळी पाकळ्यांचे भोंगे बहुतेक लोखंडी पत्र्याचे आणि रंगवलेले असत, काळे, मरून, निळे, कधी आतून फुलं काढलेले. त्यांना चुंबक चिकटतं. पितळेचेही होते, पण असा आरशासारखा चकाकणारा, पातळ, नव्या रंगाचा पत्रा नाही. पेटीला वर प्लस खाचेचे स्क्रू. तसे स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचे. १९०५ च्या यंत्रात एकाच उभ्या खाचेचे असणार. आणि कुत्रा: ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या यंत्रांवर आणि तबकड्यांवर पंखांचा देवदूत असे, बोरूने तबकडीवर लिहिणारा. तबकड्यांच्या लेबलवर कुत्रा १९०९ पासून आला. म्हणजे १९०५ चं साल आणि मोठा कुत्रा एकत्र आले की तिथेच थांबायचं.

मग थाळी उचलली. खाली मोटर जुनी होती. १९३०च्या दशकातल्या कुठल्यातरी पेटीच्या, म्हणजे सुटकेससारख्या पोर्टेबल फोनोची. असले पितळी फोनो आपल्या देशात कित्येक वर्षांपासून बनतात आणि त्यांच्या पोटात अनेकदा खऱ्या पोर्टेबलची मोटर आणि साउंडबॉक्स घातलेला असतो. एक खरा फोनो मारून एक खोटा उभा करतात. मला सगळ्यांत जास्त याचं वाईट वाटतं. कोणाच्या तरी आजोबांनी लग्नात वाजवलेली पेटी भंगारात तोडली गेली, कारण ती काळी होती आणि तिला भोंगा नव्हता.

मी डॉक्टरांना सगळं दाखवलं, लपवलं काहीच नाही. त्यांच्या वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वाजतो तर आहे ना?" वाजतो. शोभेची वस्तू म्हणून ठेवायला हरकत नाही. पण ज्याने १९०५ सांगून पैसे घेतले त्याने फसवलं, आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं. तुम्हीही खरेदीआधी हे तीन ठिकाणी पाहा: मागचा कोपर, स्क्रूच्या खाचा, थाळीखालची मोटर. पाकळ्या आणि कुत्रा सर्वांत शेवटी.

मोटरबद्दल अजून थोडं. मोटरवर गॅरार्ड, थॉरेन्स, पेलार्ड, कोलारो अशी नावं दिसतात. ती मोटर बनवणाऱ्यांची नावं आहेत. गॅरार्ड इंग्लंडची, थॉरेन्स आणि पेलार्ड स्विस. यांच्या मोटरी कित्येक छोटे कारखानदार आणि दुकानदार विकत घेऊन आपल्या पेटीत बसवत. त्यामुळे मोटरचं नाव म्हणजे फोनोचं नाव नव्हे. मोटरबोर्डवर जुन्या स्क्रूची रिकामी भोकं, थाळीच्या दांड्याभोवती मोठं केलेलं भोक, किंवा भोकांभोवती ताजा पांढरा भुसा दिसला की मोटर बदललेली आहे.

अमेरिकन यंत्र असेल तर पट्टीवर पेटंटच्या तारखांची रांग असते. तिच्यातली सर्वांत शेवटची तारीख घ्या. यंत्र त्या तारखेच्या आधीचं असू शकत नाही. नंतरचं मात्र कितीही असू शकतं. लोक रांगेतली पहिली तारीख वाचतात आणि १८९० च्या दशकातला फोनो सापडला म्हणून सगळ्या नातेवाइकांना फोन करतात.

नागपूरकरांसाठी एक खास खूण आहे, ती म्हणजे दुकानदाराची चिठ्ठी. झाकणात, तबकड्या ठेवायच्या कप्प्यात, किंवा पेटीच्या तळाला विकणाऱ्याचं छोटं लेबल चिकटवलेलं असतं, आणि त्यातला पत्ता तारखेचं काम करतो. 'नागपूर, सी. पी.' किंवा 'सी. पी. अँड बेरार' असेल तर १९५० च्या आधीचं, कारण त्या वर्षी प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. 'नागपूर, एम. पी.' असेल तर १९५० ते १९५६ मधलं, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं तेव्हाचं. 'बॉम्बे स्टेट' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ पासून १ मे १९६० पर्यंतचं. नंतर महाराष्ट्र. शाखांच्या यादीत लाहोर किंवा कराची असेल तर फाळणीपूर्व धरा. किंमत आण्यांत लिहिलेली असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण तेव्हा नवे पैसे आले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं, म्हणजे ते लेबल दुरुस्ती करणाऱ्याचं. पेटीवर किंवा खोक्यावर रेल्वे पार्सलची चिठ्ठी उरली असेल तर तिच्यावर जी. आय. पी. लिहिलंय का पाहा. ती रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. छापखाने जुनी लेबलं संपेपर्यंत वापरत, त्यामुळे एक-दोन वर्षं इकडेतिकडे सोडा. तरीही कंपनीच्या नंबरापेक्षा या चिठ्ठीने मला जास्त वेळा तारलंय.

सोबत मिळालेल्या तबकड्याही वाचा. त्या यंत्राची तारीख सांगत नाहीत, पण घरात यंत्र कोणत्या काळात वाजत होतं ते सांगतात. एकाच बाजूला रेघा आणि पाठ कोरी, तर बहुधा पहिल्या दशकातली. लेबलवर हॅनोव्हरचं नाव, तर सुरुवातीची: गौहर जानचं ध्वनिमुद्रण कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये झालं, पण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या गेल्या, आणि तिथल्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून गायिका शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगे. कलकत्त्यात तबकड्या दाबायचा कारखाना १९०८ च्या सुमारास सुरू झाला, डमडमचा १९२८ चा. एचएमव्हीच्या विलायती तबकडीवर लेबलजवळच्या कोऱ्या भागात नंबरापुढे छोटा त्रिकोण कोरलेला दिसला तर ते विजेवरचं ध्वनिमुद्रण, म्हणजे १९२५ किंवा नंतरचं. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, म्हणून सिनेमाची गाणी सापडली तर फोनो नवा आहे असंही होत नाही. लोक एकच यंत्र तीस वर्षं वाजवत.

आणि ज्या काळ्या पेट्यांकडे कोणी पाहत नाही, त्यांच्याकडे नीट पाहा. आपल्या घरांत खरे सापडतात ते हेच. सुटकेससारखा फोनो १९१४ मध्ये डेकाने विकायला काढला आणि पहिल्या महायुद्धात तो खंदकांपर्यंत गेला. एचएमव्हीचा १०१ नंबर १९२५ चा, त्यात ४ नंबरचा साउंडबॉक्स. सुरुवातीच्या १०१ ला चावी समोरून लागे, नंतरच्यांना बाजूने. १०२ नंबर १९३१ मध्ये आला आणि १९५०च्या दशकाच्या शेवटाशेवटापर्यंत बनत राहिला. सुरुवातीच्या १०२ वर १६ नंबरचा साउंडबॉक्स, मग ५ए, पुढे ५बी.

जूनमध्ये महालातल्या एका वाड्यात गेले होते. वाडा पाडायचा होता, सामान अंगणात काढलेलं. तांब्याच्या घंगाळात एक काळी पेटी उलटी टाकलेली होती. घरच्या आजींनी पदराने धूळ पुसायला घेतली, तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "आजी, थांबा जी, आधी फोटो काढू द्या." कडी उघडली तर आतून जुन्या रेक्झिनचा आणि तेलाचा वास आला. झाकणातल्या कप्प्यात तीन तबकड्या, उन्हाने ताटासारख्या वाकलेल्या. आजींना आठवत होतं की त्यांच्या लग्नात, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर, हा फोनो ओट्यावर वाजला होता. लग्नाचं साल विचारलं तर म्हणाल्या, "गांधीजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी." मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. घरच्यांची आठवण ही नोंदच असते. फक्त ती यंत्रावर वाचलेल्या गोष्टींच्या खाली, वेगळ्या रकान्यात लिहायची.

नोंद कशी करावी हे कळावं म्हणून त्या दिवशीचं वहीतलं पान इथे उतरवते.

एचएमव्ही पोर्टेबल, काळं रेक्झिन, उजव्या बाजूने चावी. मोटरबोर्डवरून १०२. साउंडबॉक्स ५ए, पाठीला बारीक चिरा, हातावर घट्ट बसलेला, टेप नाही, बहुधा मूळचा. मोटरबोर्डला जादा भोकं नाहीत, सगळे स्क्रू एका खाचेचे, डोकी न घासलेली. थाळीचं कापड हिरवट, मध्ये उंदराने खाल्लेलं. झाकणात दुकानदाराचं लेबल अर्धं फाटलेलं. वाचता येतं ते: नागपूर, सी. पी. अँड बेरार. किंमत पेन्सिलीने, शेवटचा आकडा आण्यांचा. यंत्रावरून: १९३१ नंतर, १९५० च्या आधी, साउंडबॉक्स मूळचा असेल तर बहुधा १९३०च्या दशकातला. घरच्या आठवणीनुसार: १९४९ च्या लग्नात वाजला, तेव्हा आजीच्या सासऱ्यांकडे आधीपासून होता. चावी दिली नाही. कोपऱ्यातल्या पिनांच्या कप्प्यात अकरा पिना, सगळ्या वापरलेल्या, आणि एक पांढरा वाळलेला मोगरा.